मालवाहू पिकअपचा पुढचा भाग किती उचलावा?

शिरपूर तालुक्यात कपाशीची वेचणी सुरू झाली की शेतातून घरी आणि घरून बाजारात माल नेण्यासाठी पूर्वी बैलगाड्यांची रांग लागत असे. आज त्यांपैकी बरेचसे काम लहान मालवाहू मोटारगाडी, म्हणजे पिकअप, करते. कापूस, केळी, पपई, मका, खताच्या गोण्या, मजूर माणसांची शिदोरी, सारे तिच्याच हौद्यात जाते. अशी गाडी रिकामी उभी असताना तिचे नाक थोडे खाली व शेपूट वर दिसते. काही तरुण मालकांना ते खटकते. मग पुढील शॉकअपची उंची वाढवून गाडी 'सपाट' करून घेण्याची टूम निघते. हा खर्च करण्यापूर्वी गाडी तशी का बनविली आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

बैलगाडी भरणाऱ्यास हे नव्याने सांगावे लागत नाही. ओझे आसाच्या फार मागे गेले तर गाडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते; फार पुढे आले तर तेच जू मानेवर दाबते. पिकअपमध्येही माल मुख्यतः मागील आसावर पडतो. मागचे पाटे त्या वजनाने खाली बसतात, पुढचा भाग मात्र जवळजवळ तसाच राहतो. म्हणून कारखान्यातच मागचा भाग मुद्दाम उंच ठेवलेला असतो. भरल्यावर गाडी सपाट व्हावी, हा त्यामागील हेतू होय. रिकामी असताना सपाट केलेली गाडी भरल्यावर सपाट राहूच शकत नाही.

मोजमाप

डोळ्यांवर भरवसा ठेवू नये. सिमेंटच्या सपाट ओट्यावर गाडी उभी करावी. खळ्याची जमीन बहुधा उताराची असते. चाकांतील हवा गाडीवर लिहिलेल्या मापाप्रमाणे भरावी, कारण एका चाकात हवा कमी असेल तर सारे माप फसते. गाडी थोडी पुढेमागे करून, चारही कोपरे हाताने दाबून सोडावेत, म्हणजे अडकलेले पाटे आपल्या जागी येतात. त्यानंतर पुढील व मागील आसाजवळ गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर खडूने एकेक खूण करून ती जमिनीपासून किती उंच आहे ते मोजावे. गवंड्याची पाणसळ हौद्याच्या तळावर ठेवली तरी अंदाज येतो. चाकावरील पत्र्याच्या कमानीची उंची पुढे व मागे मुळातच सारखी नसते, म्हणून पुढची कमान मागच्या कमानीशी ताडून पाहू नये.

हेच माप नेहमीचा माल भरून, चालक व सोबती बसवून पुन्हा घ्यावे. हा भाग बहुतेक जण गाळतात आणि खरा निर्णय तर त्यातच असतो.

समजा, एका गाडीच्या दोन्ही आसांतील अंतर तीन मीटर आहे. रिकामी असताना पुढील खूण ५६ सेंटिमीटर व मागील ६१ सेंटिमीटर भरली, म्हणजे नाक ५ सेंटिमीटर खाली आहे. एक टन केळी भरल्यावर पुढील खूण ५५.५ व मागील ५५ झाली. भरलेली गाडी सपाटच आहे. येथे काहीही करण्याचे कारण नाही. याच गाडीचे नाक हौसेने ५ सेंटिमीटर उचलले असते, तर माल भरल्यावर पुढे ६०.५ व मागे ५५ असे माप आले असते आणि गाडी उलाळलेल्या बैलगाडीसारखी चालली असती.

याचा उपद्रव दिव्यांपासून सुरू होतो. तीन मीटर आसांतराच्या गाडीचे नाक ५ सेंटिमीटर वर गेले की दिव्याचा झोत २५ मीटरवर सुमारे ४२ सेंटिमीटर वर सरकतो. शिरपूरहून मुंबई-आग्रा महामार्गाने रात्री सेंधव्याकडे किंवा सावळद्याच्या तापी पुलावरून धुळ्याकडे जाणाऱ्या भरलेल्या गाडीचा झोत मग रस्त्यावर न पडता समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. त्या क्षणी त्याला रस्त्याच्या कडेची बैलगाडी किंवा सायकलवाला दिसत नाही. शिवाय माल मागील फळीच्या बाहेर लोंबत असेल तर पुढील चाकांवरचा भार हलका होऊन सुकाणूची पकड सैल पडते. कापूस वजनाला हलका असला तरी उंच रचला जातो, त्यामुळे वळणावर गाडी अधिक कलते. नाक उचलल्याने तो कल थोडासुद्धा कमी होत नाही.

शॉकअप आणि त्याच्या खाचा

शॉकअप गाडी उचलून धरतो, असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक वजन पेलते ते स्प्रिंग किंवा पाटे. शॉकअप केवळ त्यांची उसळी आवरतो. पुढे पाटे असलेल्या गाडीत नवा शॉकअप बसवून उंची वाढणार नाही. काही गाड्यांत पुढे पीळ दिलेली पोलादी कांब असते व तिची उंची बोल्टाने बदलते. मात्र ज्या गाडीत स्प्रिंग शॉकअपवरच चढविलेली असते, तेथे खाचा असलेले शॉकअप बसविता येतात. स्प्रिंग ज्या बशीवर टेकते, ती बशी एका पोलादी कडीवर बसते आणि ती कडी वरच्या खाचेत सरकविली की गाडी उंच होते. सर्वांत खालची खाच बहुधा कारखान्याच्या मूळ उंचीची असते.

खाच निवडताना एक चूक नेहमी होते. शॉकअपचा पाय भुजेच्या मध्याजवळ असतो, तर चाक तिच्या टोकाला. पहारीने दगड हलविताना हाताकडचे टोक जास्त फिरते, तसेच येथे घडते. बशी एक सेंटिमीटर सरकली तर गाडी दीड ते दोन सेंटिमीटर उचलली जाऊ शकते. म्हणून हवी असलेली उंची व खाचेचे अंतर एकच समजू नये. त्या शॉकअपसोबत आलेला तक्ता पाहावा आणि नेहमी लहान खाचेपासून सुरुवात करावी.

उंची वाढविण्याचे खरे कारण थोड्याच गाड्यांत सापडते. पुढे जड लोखंडी संरक्षक जाळी कायमची बसविलेली असेल, किंवा गाडी वर्षभर फक्त दुधाचे कॅन व भाजीच्या पाट्या अशा हलक्या मालासाठीच वापरली जात असेल, तर रिकाम्या गाडीतील फरकाच्या निम्म्याहून कमी उंची वाढविण्यास हरकत नाही. भरलेल्या गाडीचे नाक मागच्या भागापेक्षा वर जाता कामा नये, ही मर्यादा मात्र पाळावी. एकच बाजू खाली असेल तर ती खाच बदलून झाकू नये. बहुधा तेथील स्प्रिंग थकलेली किंवा पाटा मोडलेला असतो, तो बदलावा.

उंची वाढली की चाक खाली लोंबण्याची मोकळीक तेवढीच घटते. बोराडीकडच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या वाटांवर किंवा पावसाळ्यात काळ्या मातीत पडलेल्या चाकोऱ्यांत ही मोकळीक फार मोलाची असते. ती संपली की प्रत्येक खड्ड्यात शॉकअप ताणला जाऊन आदळतो आणि भुजेचे सांधे लवकर झिजतात.

मागची बाजू फार बसत असेल तर पुष्कळ जण मागे एक पाटा वाढवितात. काही गाड्यांत मागील ब्रेकचा जोर मागील उंचीवरून ठरविणारी झडप असते. पाटा वाढविल्यावर त्या झडपेला भरलेली गाडी रिकामीच वाटते व मागील ब्रेक कमी लागतो. बिजासन घाटाच्या उतारावर याचा अर्थ काय होईल, हे निराळे सांगण्याची गरज नाही. मागची बाजू वाजवीपेक्षा खाली जाते, याचे पहिले कारण बहुधा जादा माल हेच असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा मालासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड सांगितला आहे. त्याच १९८८ च्या कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतील फेरफारांस मर्यादा घालते, तेव्हा काम करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे विचारून घ्यावे.

हे काम गावच्या भात्यावर किंवा घरच्या पान्यांनी करू नये. दाबलेली स्प्रिंग निसटली तर ती माणसाचा जीव घेऊ शकते. ती दाबून धरणारे योग्य साधन असलेल्या कारागिराकडेच गाडी न्यावी. पाटा किंवा स्प्रिंग तापवून उंची बदलणे तर सर्वस्वी त्याज्य होय, कारण तापविल्याने पोलादाचे पाणी उतरते व ते अकस्मात मोडते. उंची बदलल्यावर चाकांची सरळाई करून घ्यावी, नाही तर एका हंगामात टायर एका कडेने खाल्ले जातात. त्यानंतर माल भरून, भिंतीसमोर गाडी उभी करून दिव्यांचा झोत खाली आणावा. शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर स्प्रिंग थोडी बसते, म्हणून खडूच्या त्याच खुणांवरून माप पुन्हा घ्यावे.