वर्गातून यंत्रापाशी

प्रश्न : डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्यात नव्या कामगारांना वर्गाऐवजी कामावरच शिकवता येईल का?

उत्तर : शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ याच पद्धतीवर उभा आहे. ३० किंवा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. विद्यावेतनाचा काही भार केंद्राची २०१६ ची प्रोत्साहन योजना उचलते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या लेथवर मापातली चूक हाताला लगेच कळते, फळ्यावर ती कळत नाही. रसायनांच्या कारखान्यात मात्र सुरक्षेचे धडे आधी वर्गातच हवेत. नंतर अनुभवी कारागिराच्या हाताखाली सोपे काम, मग अवघड. त्या कारागिराचे उत्पादनाचे लक्ष्य तेवढ्यापुरते कमी करावे लागते, आणि हेच नेमके विसरले जाते. प्रत्येक उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवणे मालकावर कायद्यानेच बंधनकारक आहे.