भिंत कुणाच्या हाती द्यायची

अगं, जिप्सम बोर्डाची भिंत घालून लेकीला अभ्यासाची खोली काढून द्यायचं ठरवलंस, ते मला मनापासून आवडलं. दहावीचं वर्ष आहे. विटांचं काम काढलं असतं तर घरभर रेती-सिमेंट, छपाईवर आठवडाभर पाणी मारणं, आणि त्या गोंधळात पोरीनं पुस्तक उघडायचं कुठं? बोर्डाची भिंत थोड्या दिवसांत उभी राहते. पण ती कोण उभी करतो यावर सगळं आहे, म्हणून जरा निवांत बस आणि ऐक.

जावईबापू नागपूरची टोळी आणायची म्हणतात. काम देखणं होईल, त्यात वाद नाही. पण आपल्या आंजीची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तुझं घरही त्याच मातीवर उभं आहे. पहिला पावसाळा सरला की कुठं तरी सांधा उकलेल, केसाएवढी का होईना, रेघ दिसेल. तेव्हा एका फोनवर जो येईल त्याला काम दे. वर्ध्याचा किंवा आंजीचाच कारागीर संध्याकाळी घरी जाता जाता ती रेघ बुजवून जाईल. नागपूरचा माणूस तेवढ्यासाठी इतक्या लांब येत नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही.

आता माणूस शोधायचा कसा? बोर्ड विकणाऱ्या दुकानात जा, पण ‘चांगला कोण’ असं विचारू नकोस. सांध्यावर लावायची कागदी पट्टी आणि तिचा मसाला नेहमी कोण नेतो, ते विचार. जो नुसती पुट्टी भरून सांधे झाकतो, त्याच्या भिंतीवर पुढं दर चार फुटांवर उभ्या रेघा उमटतात. दोन पावसाळे काढलेलं त्याचं एखादं काम बघायला माग. बघायला जाशील तेव्हा मोबाईलची बॅटरी भिंतीला चिकटवून आडवी धर, सांध्यांचे उंचवटे लगेच दिसतात. आणि खाली, फरशीपासून वीतभर उंचीवर, अंगठ्यानं दाबून बघ. बोर्ड पार फरशीला टेकवून बसवला असेल तर रोजच्या पुसण्याचं पाणी तो खालून शोषतो आणि पोचट होतो. जाणता माणूस खाली बोटभर फट सोडतो आणि ती स्कर्टिंगच्या पट्टीखाली झाकतो.

ओलीचं मात्र आधी बघ, बोर्ड नंतर. जुन्या भिंतीला लोणा धरलाय, पोपडे सुटतायत, तर त्यावर बोर्ड ठोकून झाकू नकोस. आत ओल तशीच राहील, आणि बोर्डाच्या कागदावर उधई चढायला वेळ लागणार नाही. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला चिकटव, एक-दोन दिवसांनी बघ. आतल्या बाजूनं पाणी जमलं तर ओल भिंतीतूनच येते आहे. मग आधी गच्चीचा उतार, नळाची गळती, बाहेरून पायथ्याशी साचणारं पाणी बघायचं. तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहून ठेव. तडा खुणेच्या पुढं सरकला तर तो पायाचा प्रश्न आहे, रंगाऱ्याचा नाही. हे सगळं बघून तुला ‘काही होत नाही ताई, झाकून टाकू’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘आधी पाणी बघू’ म्हणणाऱ्यावर माझा जास्त भरवसा आहे.

काम सुरू झालं की एका दिवशी तू घरीच थांब. पत्र्याचे चॅनल उभे झाले, एका बाजूचा बोर्ड लागला आणि दुसरी बाजू उघडी आहे, तो दिवस. वायरी त्याच वेळी टाकून घ्यायच्या. पुस्तकांचं शेल्फ कुठं टांगायचं, पंखा कुठं लावायचा, तेही तेव्हाच सांगायचं. तिथं चॅनलना आडवा प्लायचा तुकडा कसून घेतला की शेल्फ घट्ट बसतं. बोर्ड बंद झाल्यावर नुसत्या बोर्डात मारलेला खिळा दहावीच्या पुस्तकांचं ओझं पेलत नाही. बोर्ड साडेबारा मिलिमीटरचा आहे का, तेही बघून घे.

मागची मातीची खोली मात्र राहू दे. तिच्यावर ना बोर्ड, ना सिमेंटची छपाई. माती ओल घेते आणि सोडते, वर सिमेंट चढवलं की ती ओल कोंडते आणि खपल्या पडतात. सेवाग्रामला जाऊन बापूकुटीच्या भिंती पुन्हा एकदा नीट बघ, मीराबेननी मातीतच उठवलेली झाडं आणि चरखा बघ. १९३६ साली गांधीजी त्या गावी राहायला आले तेव्हा घर आसपासच्या सामानानं आणि आसपासच्या माणसांच्या हातांनी व्हावं, असा त्यांचा आग्रह होता. आजही ती माती नेमानं सारवली जाते, म्हणून टिकली. गावात पोतारा देणाऱ्या म्हाताऱ्या बाया अजून आहेत, त्यांना बोलाव, आणि त्यांना नीट मजुरी दे. ते कसब गेलं की परत येत नाही, माझा जीव त्यासाठी तुटतो.

पैशांचं आधीच बोलून घे. भाव चौरस फुटाचा असेल तर दोन्ही बाजूंचं माप एकच धरणार की वेगवेगळं, दरवाजाची जागा वजा करणार का, टेप-मसाला भावात आहे का, हे साध्या वहीत लिहून दोघांनीही सही करा. सामान तू घे, मजुरी त्याची. बयाणा थोडाच दे, पुढचे पैसे काम दिसेल तसे, आणि थोडेसे पहिल्या पावसापर्यंत हातात ठेव. हेही आधीच ठरव, मागून अडवलंस तर त्याच्यावर अन्याय होईल. गावातला माणूस आहे म्हणून घासाघीस करत बसू नकोस. उद्या अडचणीला तोच येणार आहे.

त्याचंही एक काम तुझ्या हातून व्हावं असं वाटतं. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायला वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि आपले कितीतरी कारागीर त्या कागदावाचून अडतात. त्यानं नोंदणी केली आहे का विचार. केली नसेल तर त्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत त्याच्यासोबत एक चक्कर मार. त्याच्या पोरांच्या शिक्षणाला मदत मिळू शकते.

आणि वेळ बघून बोलाव. पेरणीच्या दिवसांत मिस्त्री स्वतःच्या वावरात असतो, कापूस वेचणीला मजूर मिळत नाही, आणि मिरगाच्या तोंडावर साऱ्या गावाला एकदम घर आठवतं. आत्ता फोन कर, खोलीची लांबी, उंची आणि दरवाजाची जागा मोजून मलाही कळव. दुकानात जायच्या आधी किती बोर्ड लागतील ते आपण दोघी मिळून काढू.