सभास्थानातील प्रथा आल्या कोठून?



धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने मला विचारले, “फादर, येशू कुठल्या चर्चमध्ये जायचा?” प्रश्न छान आहे. लूक ४:१६ मध्ये उत्तर आहे: प्रभू येशू आपल्या रिवाजाप्रमाणे शब्बाथ दिवशी सभास्थानात जात असे. यहुदी लोकांच्या या प्रार्थनास्थळातील काही प्रथांचा उगम आज पाहू या.

पहिली प्रथा, दिवसातून तीन वेळा प्रार्थना. यरुशलेमच्या मंदिरात रोज सकाळी व दुपारनंतर अर्पणे होत. रात्री वेदीवर उरलेले भाग जळत. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केले आणि अर्पणे थांबली. सभास्थाने त्याआधीही होती. पण आता धर्मगुरूंनी प्रार्थनांच्या वेळा त्या अर्पणांशी जोडल्या. दुपारच्या प्रार्थनेला आजही ‘मिन्हा’, म्हणजे अर्पण, म्हणतात. तालमूद या ग्रंथात दुसरे मतही आहे: अब्राहाम, इसहाक व याकोब यांनी या तीन प्रार्थना सुरू केल्या.

दुसरी प्रथा, शनिवारखेरीज सोमवारी व गुरुवारी शास्त्रपाठ. परंपरेनुसार ही एज्राने घालून दिली. हे बाजाराचे दिवस. खेड्यांतील लोक गावात येत. निर्गम १५:२२ मध्ये लोक तीन दिवस पाण्याविना चालले. देववचन हेच पाणी, म्हणून त्याविना तीन दिवस जाऊ नयेत, असा अर्थ लावला गेला.

तिसरी प्रथा मला सर्वांत जवळची वाटते. ‘अमिदा’ ही मुख्य प्रार्थना उभे राहून, ओठ हलवीत, पण स्वतःलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणतात. हा धडा तालमूदने हन्नाकडून घेतला (१ शमुवेल १). मूल नसल्याने दुःखी झालेली हन्ना शिलो येथे रडत प्रार्थना करीत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. याजक एलीला वाटले, ही दारू प्यालेली आहे! त्याने तिला झापले. पुढे तिचीच रीत सर्व समाजाची झाली.

भाविकहो, हे वाचताना मी स्वतः खजील होतो. शेवटच्या बाकावर बसणारे, मिस्सा संपल्यावरही न उठणारे, गाण्यात सूर न मिसळणारे... त्यांच्याविषयी मीही घाईने मत बनवले आहे. एलीने आपली चूक ओळखली आणि हन्नाला आशीर्वाद दिला. आपणही तेवढे करू या.

या आठवड्यात घरी १ शमुवेलचा पहिला अध्याय मिळून वाचा. आणि पुढच्या रविवारी शेजारी कोणी गप्प बसलेले दिसले, तर त्याच्यासाठी मनातल्या मनात एक प्रार्थना म्हणा.

आपला,
प्रमुख धर्मगुरू