युरिया कसा बनतो, कसा उडतो

युरियाच्या कारखान्यात अमोनिया व कार्बन डायऑक्साइड सुमारे १८० अंश सेल्सिअसला, हवेच्या दीडशेपट दाबाखाली एकत्र आणतात. आधी कार्बामेट होते, त्यात भरपूर उष्णता निघते. मग त्यातले पाणी सुटून युरिया बनतो. ही पायरी उष्णता खाते आणि अर्धवटच राहते. आपल्याकडे मळी उरते, तसं तिथं कार्बामेट उरतं. ते फोडून वायू पुन्हा फिरवतात. एवढ्या खटाटोपाने पोत्यात ४६ टक्के नत्र येते.

रानात हेच चक्र उलटे फिरते, तेही फुकट! ओल व मातीतले युरिएज विकर मिळाले की युरियाचा परत अमोनिया. वर फेकलेला असेल तर तो हवेत जातो. चुनखडीच्या रानात जास्तच. म्हणून आम्ही गटसभेत सांगतो, चळी घेऊन दोन-तीन इंच मातीआड करा, मगच पाणी द्या.