उसाच्या फडातील बिबट्या : त्याच्यावरील संकटे आणि गावाची सुरक्षितता

पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे तालुके आणि त्यांना लागून असलेले अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले, संगमनेर व पारनेर हे तालुके एके काळी बहुतांशी जिरायत होते. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांचे पाणी कालव्यांनी खाली उतरले आणि बाजरीच्या रानांत ऊस उभा राहिला. उसाबरोबर या भागात बिबट्याही स्थिर झाला. आडसाली ऊस १६ ते १८ महिने रानात उभा असतो. तेवढ्या काळात त्यात दाट सावली, ओलावा व एकांत मिळतो, शेजारच्या पाटात पाणी असते आणि वस्तीच्या आसपास भक्ष्य असते. जंगलात जे मिळावयाचे ते सर्व बिबट्याला येथे शेतातच मिळाले.

या सहवासात दोन्ही बाजूंची हानी झालेली आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात थोड्या दिवसांच्या अंतराने तीन माणसे बिबट्याच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडली. त्यांपैकी दोन लहान मुले होती. अशा प्रसंगी गावकऱ्यांचा संताप होणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या बाजूस, उघड्या विहिरीत पडून, वाहनाखाली सापडून, फाशात अडकून व विजेच्या तारेला चिकटून अनेक बिबटे दरवर्षी मरतात. हे दोन प्रश्न वेगळे मानले जातात. वास्तविक ते एकच आहेत. ज्या उपायांनी बिबट्याचा जीव वाचतो, त्यांतील बहुतेक उपायांनी शेतकऱ्याचे मूल व त्याची शेळीही वाचते. या लेखात त्याच दृष्टीने विचार केला आहे.

१. बिबट्याची राहणी

बिबट्या हा एकटा राहणारा व प्रामुख्याने रात्री हिंडणारा प्राणी होय. पूर्ण वाढलेला नर साधारणपणे ५० ते ७० किलो वजनाचा असतो. मादी त्याहून लहान असते. गर्भकाळ सुमारे तीन महिन्यांचा असून एका वेतात बहुधा दोन ते तीन पिल्ले होतात. पिल्ले दीड ते दोन वर्षे आईच्या सोबतीने राहतात व शिकार शिकतात. प्रत्येक प्रौढ बिबट्याचा फिरण्याचा मुलूख ठरलेला असतो. त्या मुलुखातील वाटा, पाणवठे, कुत्र्यांच्या जागा आणि माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा त्याला चांगल्या परिचयाच्या असतात. या परिचयामुळेच तो माणसाला चुकवून राहू शकतो.

अकोले तालुक्यात डॉ. विद्या आत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जेथे दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहतात, अशा शेतीच्या मुलुखात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचे स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने दिसून आले. याचा अर्थ असा की, गावात बिबट्या दिसला म्हणजे तो जंगलातून वाट चुकून आला, असे समजणे बरोबर नाही. पुष्कळदा तो त्याच शिवारात जन्मलेला असतो.

त्याच्या आहाराविषयीची माहिती शेतकऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. अकोल्यातील बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी केली असता त्यांच्या भक्ष्याच्या वजनापैकी ८७ टक्के भाग पाळीव व गावठी जनावरांचा आढळला. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. शेळ्यांची संख्या त्या भागात कुत्र्यांच्या सुमारे सात पट होती. तथापि त्यांचा वाटा ११ टक्केच भरला. शेळी रात्री गोठ्यात बांधलेली असते आणि कुत्रे मोकळे हिंडते, हे या फरकाचे एक उघड कारण होय. बंदिस्त जनावर वाचते व मोकळे जनावर जाते, हा त्यातून घ्यावयाचा धडा आहे.

२. बिबट्यावरील संकटे

२०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात १३,८७४ व महाराष्ट्रात १,९८५ बिबटे होते. ही मोजणी मुख्यतः वनक्षेत्रांतील आहे. संख्या मोठी वाटली तरी बिबट्यावरील संकटे कमी नाहीत.

पहिले संकट चोरट्या शिकारीचे. कातडे, नखे व हाडे यांच्या बेकायदेशीर व्यापारासाठी बिबटे मारले जातात. २००१ ते २०१० या दहा वर्षांतील जप्तींच्या आधारे २०१२ साली काढलेला निष्कर्ष असा की, भारतात दर आठवड्यास निदान चार बिबटे या व्यापाराला बळी पडत होते. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत बिबट्याचा समावेश असून त्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे. गळ्यात घातलेले बिबट्याचे नखसुद्धा मालकास गुन्हेगार ठरवू शकते.

दुसरे संकट शेतातील. रानडुकरांसाठी लावलेले तारेचे फासे, कुंपणात सोडलेला विजेचा प्रवाह, मेलेल्या जनावरावर टाकलेले विष व कठडा नसलेल्या विहिरी यांचा त्यात समावेश होतो. यांपैकी एकही गोष्ट केवळ बिबट्यालाच घातक आहे असे नाही. विजेच्या कुंपणाने शेजारी मरतो, विषाने स्वतःचे कुत्रे मरते आणि उघड्या विहिरीत घरचे मूलही पडते.

तिसरे संकट रस्त्यांचे. पुणे-नाशिक महामार्ग राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव व संगमनेर असा उसाच्या पट्ट्यातून जातो. रात्री भरधाव जाणाऱ्या वाहनांखाली बिबटे सापडतात.

चौथे संकट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते म्हणजे बिबट्याला पकडून दुसरीकडे सोडणे.

३. पकडून दूर सोडल्याने काय होते ?

फेब्रुवारी २००१ पासून जुन्नर भागात बिबटे पिंजऱ्यात पकडून दूरच्या वनांत सोडण्याचे काम पद्धतशीरपणे सुरू झाले. हेतू चांगला होता. परिणाम उलट झाला. १९९३ ते २००१ या काळात या भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत. २००१ ते २००३ या काळात ते सरासरी १७ वर गेले. त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांपर्यंत, म्हणजे दुप्पट झाले. दूर सोडलेला बिबट्या अनोळखी मुलुखात बिथरतो व आपल्या मूळ ठिकाणाकडे परत येऊ पाहतो. वाटेत त्याची माणसांशी गाठ पडते. इकडे त्याची रिकामी झालेली जागा थोड्याच दिवसांत दुसरा, बहुधा तरुण बिबट्या घेतो. त्याला गावाची रीत ठाऊक नसते.

२००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक वयस्क नर बिबट्या बाहेर काढण्यात आला. त्याच्या गळ्यात स्थान दाखविणारा पट्टा बसवून त्याला माळशेज घाटात सोडले. त्याला ‘आजोबा’ हे नाव पडले. सुमारे १२० किलोमीटरची वाट तुडवून महिन्याभराच्या आत तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. एवढ्या दाट वस्तीतून जाताना त्याने एकाही माणसावर हल्ला केला नाही. २०११ च्या अखेरीस मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. विहीर, स्थलांतर व रस्ता ही तिन्ही संकटे त्या एकाच बिबट्याच्या वाट्यास आली.

यास्तव नुसता बिबट्या दिसला म्हणून पिंजरा लावण्याचा आग्रह धरणे गावाच्या हिताचे नाही. माणसावर हल्ला करणाऱ्या जनावराची गोष्ट निराळी. त्याचा बंदोबस्त वनविभागाने तातडीने करावयाचा असतो व गावाने त्याकरिता पाठपुरावा अवश्य करावा.

४. शेतकऱ्यांनी योजावयाचे उपाय

(अ) गोठा : शेळ्या, मेंढ्या व वासरे रात्री चारही बाजूंनी व वरूनही बंद असलेल्या गोठ्यात ठेवावीत. अर्धी भिंत व वर मोकळे, असा गोठा उपयोगाचा नाही. बिबट्या ती सहज चढतो. भिंतीच्या वरच्या मोकळ्या भागास मजबूत लोखंडी जाळी बसवावी, दारास आतून-बाहेरून सरकणार नाही अशी कडी असावी आणि दाराखाली फट ठेवू नये. रानात मुक्काम करणाऱ्या धनगर बांधवांनी मेंढ्या उंच जाळीच्या आत बसवून भोवती उजेड ठेवावा.

(आ) घर व परसू : घर आणि ऊस यांच्यामध्ये काही मोकळी पट्टी सोडावी. तेथे ठेंगणे पीक किंवा भाजीपाला घेता येईल. अंगणात दिवा असावा. लहान मुलांना संध्याकाळनंतर एकटे अंगणात किंवा उसाच्या कडेला जाऊ देऊ नये. बसलेला अथवा वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा भासतो. म्हणून पहाटे वा रात्री उघड्यावर शौचास बसणे धोक्याचे आहे. घरचा शौचालयच वापरावा.

(इ) कुत्री व घाण : मेलेल्या कोंबड्या व मांसाचे अवशेष उघड्यावर टाकले की कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. कुक्कुटपालन करणाऱ्यांनी मेलेले पक्षी खोल खड्ड्यात पुरून टाकावेत.

(ई) रात्रीचे पाणी : कृषिपंपांना वीज रात्री मिळते तेव्हा दारे धरण्यास एकट्याने जाऊ नये. सोबत बॅटरी व काठी घ्यावी आणि मोठ्याने बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावून जावे. दिवसा वीज मिळावी याकरिता २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राबविण्यात आली आहे. गावाच्या शिवारात जागा उपलब्ध असल्यास ग्रामपंचायतीने त्या दृष्टीने प्रयत्न करावा.

(उ) विहीर : प्रत्येक विहिरीस निदान कमरेएवढा पक्का कठडा बांधावा, ते शक्य नसल्यास तोंडावर जाळी टाकावी. विहिरीत बिबट्या पडलेला आढळल्यास गर्दी करू नये व दगड मारू नयेत. वनविभागाची माणसे दोराने बाज, शिडी किंवा पिंजरा सोडून त्याला वर घेतात. वाट मोकळी असेल तर तो निघून जातो.

५. ऊसतोडणीच्या वेळी

मादी पुष्कळदा उसातच विते. तोडणी सुरू झाली की ती दूर सरकते व डोळे न उघडलेली पिल्ले सरीत उघडी पडतात. अशा वेळी टोळीच्या मुकादमाने पुढीलप्रमाणे वागावे. पिल्लांस हात न लावता त्या भागातील तोड ताबडतोब थांबवावी, मजुरांना मागे घ्यावे व वनविभागास कळवावे. वनविभागाचे कर्मचारी पिल्लांची तपासणी करून सायंकाळी ती त्याच जागी खोक्यात ठेवतात. बहुतेक वेळा मादी त्याच रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. पिल्ले घरी नेणे, त्यांच्यासह छायाचित्रे काढणे किंवा ती दुसऱ्या गावी हलविणे याचा परिणाम वाईट होतो. पिल्ले जन्मभर बंदिवासात राहतात, आणि त्यांना शोधणारी चिडलेली मादी त्याच शिवारात फिरत राहते. शेवटी त्रास गावालाच होतो.

फडाची तोड एका कडेने करीत जावे आणि दुसरी कडा मोकळी ठेवावी, म्हणजे जनावरास निघून जाण्यास वाट राहते. फड चहूबाजूंनी पेटवू नये. मजुरांच्या कोपी उसाला लागून न घालता मोकळ्या जागी, एकमेकींजवळ व उजेडात घालाव्यात. आईबाप फडात असताना कोपीतील मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी एक मोठे माणूस मागे असावे. ही व्यवस्था करणे हे मुकादम व शेतमालक या दोघांचेही कर्तव्य होय.

६. बिबट्या समोर आल्यास व नुकसान झाल्यास

बिबट्या समोर दिसला तर पळू नये, खाली बसू नये व वाकू नये. लहान मुलास उचलून घ्यावे, हात वर करून मोठ्याने ओरडावे व त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरावे. दिवसा उसात किंवा घरात बिबट्या शिरल्याचे कळताच लोक जमतात, दगडफेक होते आणि घाबरलेले जनावर समोर येईल त्याच्यावर झेप घेते. अनेक जण अशाच गर्दीत जखमी झालेले आहेत. गावपातळीवरील सेवकांचे अशा वेळचे पहिले काम म्हणजे लोकांना दूर ठेवणे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनी करणे हे होय.

जनावर मारले गेल्यास शव जागेवरून हलवू नये. त्याच दिवशी, उशिरात उशीर म्हणजे ४८ तासांत, जवळच्या वनकर्मचाऱ्यास कळवावे व पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांसमक्ष पंचनामा करून घ्यावा. भरपाई हा शेतकऱ्याचा हक्क आहे. ती वेळेवर न मिळाल्यास माणूस विषाच्या मार्गाकडे वळतो; म्हणून गावातील सेवकांनी अर्ज भरण्यास व कागद पुरे करण्यास स्वतः मदत करावी.

अकोले परिसरातील आदिवासी बांधव दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतात आणि वाघोबाची पूजा करून गुराढोरांच्या रक्षणाची प्रार्थना करतात. बिबट्या शेजारी राहणार हे गृहीत धरून सावधपणे वागण्याची ही जुनी रीत आहे. तिला आज बंद गोठ्याची, कठड्याच्या विहिरीची व वेळेवर दिलेल्या वर्दीची जोड द्यावयास हवी. येत्या गळीत हंगामापूर्वी प्रत्येक ग्रामसभेने आपल्या शिवारातील उघड्या विहिरी व कच्चे गोठे यांची यादी करावी आणि त्यांतील निदान सर्वांत धोक्याच्या जागा पहिल्या महिन्यात दुरुस्त करून घ्याव्यात. पिंजऱ्याची वाट पाहण्यापेक्षा हे काम गावाच्या अधिक हाती आहे.