सॉफ्टवेअर फुकट वाटायचं, मग पैसे कोण देणार?

गावात देवळाचा जीर्णोद्धार निघाला की वर्गणीची वही फिरते. देऊळ उभं राहिलं की ज्याने वर्गणी दिली नाही तोही दर्शन घेतो. ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं क्राउडफंडिंग असंच चालतं. कोड सगळ्यांना मोफत मिळतो, म्हणून पैसे मागायचे ते काम सुरू करण्याआधी. तयार झाल्यावर कोण कशाला देईल?

ब्लेंडरची गोष्ट

ब्लेंडर हे थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर. २००२ मध्ये ते बनवणारी नेदरलँड्समधली कंपनी बंद पडली. गुंतवणूकदार म्हणाले, एक लाख युरो द्या, कोड खुला करतो. टॉन रूझेंडाल यांनी लोकांकडे वर्गणी मागितली आणि सात आठवड्यांत रक्कम जमली! १३ ऑक्टोबर २००२ ला कोड खुला झाला. का जमलं? रक्कम ठरलेली होती, बदल्यात काय मिळणार ते स्पष्ट होतं आणि मागणं वापरणाऱ्यांकडेच होतं.

आता आपल्याकडे बघू

समजा, तुम्ही कर्जत-खालापूर भागातल्या फार्महाऊसवाल्यांसाठी बुकिंगचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर करताय. शनिवार-रविवारी एकच खोली दोघांना दिली जाते, ही त्यांची डोकेदुखी.

- डेव्हलपर, २ महिने: ९०,००० रु.
- चाचणी आणि मालकांना शिकवणं: १५,००० रु.
- पहिल्या वर्षाची दुरुस्ती: १५,००० रु.
- एकूण: १,२०,००० रु.

म्हणजे ४० मालकांकडून प्रत्येकी ३,००० रु. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही काढा.

चार नियम

१. आधी दहा मालकांना प्रत्यक्ष भेटा. दहापैकी दोघंही तयार नसतील तर तिथेच थांबा.

२. मुदत ठेवा, समजा ४५ दिवस. रक्कम पूर्ण झाली नाही तर सगळ्यांचे पैसे परत, हे आधीच लेखी द्या.

३. ‘नफ्यात वाटा देतो’, ‘व्याज देतो’ असं चुकूनही बोलू नका. शेअर, ठेवी यांचे कायदे वेगळे आणि कडक आहेत. आलेल्या पैशांवर कर कसा लागेल, ते सीएला आधीच विचारा.

४. दर पंधरा दिवसांनी हिशेब ग्रुपवर टाका. वर्गणीत विश्वास एकदाच मिळतो.

आणि पुढे काय?

वर्गणीतून सॉफ्टवेअर उभं राहतं, पण तुमचं घर त्यावर कायम चालत नाही. मुंबईची फ्रॅपे कंपनी बघा. त्यांचं ईआरपीनेक्स्ट ओपन सोर्स आहे, कमाई होते ती होस्टिंग आणि सपोर्टमधून. तुम्हीही सॉफ्टवेअर बसवून देणं, शिकवणं, अडचणीला फोन उचलणं याचे वार्षिक पैसे घ्या. कोड कोणीही उतरवून घेईल हो, पण शनिवारी रात्री कर्जतमध्ये धावून येणारा माणूस कुठून उतरवणार?

आजचा गृहपाठ: तुमच्या ओळखीच्या एका धंद्याची एकच अडचण लिहा, ती सोडवायचा खर्च काढा आणि पैसे देऊ शकतील अशी दहा नावं वहीत लिहा. दहा नावं सुचली नाहीत, तर अडचण बदला. कमेंटमध्ये नक्की कळवा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!