कुलूपबंद पेटी : जिल्हा परिषद शिक्षकांचे शिक्षण आणि वर्गातील साधने

आपल्या संस्थेच्या सभासदांमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षक-शिक्षिकांची संख्या मोठी आहे. सेवानिवृत्त गुरुजी आणि बाई तर प्रत्येक वस्तीत भेटतात. शिवाय आपल्या अभ्यासिकेत बसणारे काही विद्यार्थी उद्या डी.एल.एड. पूर्ण करून याच शाळांमध्ये उभे राहणार आहेत. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही मुद्दाम हा विषय घेतला आहे. मुलांच्या शिक्षणावर आपण नेहमीच बोलतो. शिक्षकांच्या शिक्षणावर मात्र क्वचितच बोलतो.

सुरुवात एका साध्या प्रसंगाने करू. आमच्या गटातील एक शिक्षिका बदली होऊन नव्या शाळेत रुजू झाल्या. कपाटात गणिताच्या साहित्याची एक पेटी होती. आतील मणी, ठोकळे व अंककार्डे आली तशी प्लास्टिकच्या वेष्टनात होती. ती वर्गात का काढली नाही, असे विचारता उत्तर मिळाले, "बाई, डेडस्टॉकला नोंद आहे. एखादा मणी हरवला तर चार्ज देताना जबाब कोण देणार?" उत्तर देणारे गुरुजी कामचुकार नव्हते, ते फक्त भ्यायले होते. पेटी सुरक्षित राहिली आणि त्याच खोलीतील तिसरीची मुले बोटांवर मोजत राहिली.

हा प्रश्न जुना आहे

मार्च १९२७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात. बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, असे त्यांनी दाखवून दिले. मूल शाळेत आले एवढ्याने भागत नाही, त्याला अक्षर कायमचे लाभले पाहिजे, हा त्यामागील विचार होता.

त्याच्याही आधी १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढील निवेदनात प्राथमिक शाळांचे शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शेतकरी वर्गातून यावेत आणि त्यांना पुरेसे वेतन मिळावे, अशी मागणी केली होती. शिक्षक तयार केल्याशिवाय बहुजनांची शाळा उभी राहणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

आज मुले शाळेत येतात. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू आहे. परंतु २०२१ साली केंद्र शासनाला 'निपुण भारत' अभियान सुरू करावे लागले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे व पायाभूत गणित यावे, हा त्याचा उद्देश. हे उद्दिष्ट स्वतंत्रपणे जाहीर करावे लागले, यातच परिस्थितीची कबुली आहे. पूर्वी मूल शाळेबाहेर राहून मागे पडे. आज ते वर्गात बसून मागे पडते.

व्यवस्था काय आहे?

विद्यार्थ्यांच्या माहितीसाठी थोडक्यात क्रम सांगतो. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ पासून खडू-फळा योजना सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक व आवश्यक शैक्षणिक साहित्य असावे, असा तिचा आग्रह होता. त्याच काळात शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, उभ्या राहू लागल्या. पुढे सर्व शिक्षा अभियानात गट साधन केंद्र व समूह साधन केंद्र यांची जोड मिळाली. त्या योजनेत शिक्षकांसाठी वर्षाला वीस दिवसांच्या प्रशिक्षणाची आणि साहित्य तयार करण्यासाठी प्रत्येक शिक्षकामागे पाचशे रुपयांची तरतूद होती.

२०१७ साली 'दीक्षा' हे डिजिटल व्यासपीठ आले. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड मोबाईलने टिपला की त्या पाठाचे साहित्य पाहता येऊ लागले. २०१९ साली 'निष्ठा' प्रशिक्षण सुरू झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान पन्नास तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे.

म्हणजे योजना आहेत, साहित्यही येते. मग अडते कोठे? आमच्या मते दोन ठिकाणी. पहिले म्हणजे साखळी पद्धत. राज्य पातळीवर काही तज्ज्ञ तयार होतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला आणि तालुक्याचे केंद्राला. प्रत्येक पायरीवर विषय पातळ होत जातो. प्रशिक्षण होते, प्रमाणपत्र मिळते. पण सोमवारी वर्गात नेमके काय करायचे, हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. दुसरे म्हणजे साहित्य आणि मुलाची चूक यांची गाठ घालून दिली जात नाही. कोणत्या चुकीला कोणते साधन, हे कळल्याशिवाय पेटीचे कुलूप उघडूनही उपयोग नाही.

एक पाठ : सत्तावीस आणि बहात्तर

हा मुद्दा उदाहरणाने स्पष्ट करू. दुसरीच्या मुलाला 'सत्तावीस' लिहायला सांगितले की काही मुले ७२ लिहितात. आपण त्याला निष्काळजी म्हणतो. पण मूल कानावर विश्वास ठेवून लिहीत आहे. मराठीत आधी 'सत्ता' ऐकू येते, मग 'वीस'. जे आधी ऐकले ते त्याने आधी लिहिले. 'एकोणतीस' म्हणजे तिसाला एक कमी. पण 'तीस' कानावर पडताच मूल ३ लिहून मोकळे होते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस' बरोबर 'वीस सात' असेही वाचन दिले गेले, तेव्हा बरीच टीका झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका समजावून सांगितली होती. टीका काहीही असो, अडचण खरी आहे हे पहिली-दुसरीला शिकवणारा कोणीही शिक्षक सांगेल.

यावर साधन अगदी स्वस्त आहे. खराट्याच्या शंभर काड्या आणि रबरबँड. रीत अशी :

(१) मुलाला सत्तावीस काड्या स्वतः मोजू द्याव्यात. आपण मोजून देऊ नये.

(२) दहा-दहांचे गठ्ठे त्यानेच बांधावेत. दोन गठ्ठे होतील, सात काड्या सुट्या राहतील.

(३) गठ्ठे डावीकडे, सुट्या उजवीकडे ठेवून म्हणावे, "दोन दशक, सात सुटे, वीस आणि सात, सत्तावीस." मग त्याखाली अंक लिहावा.

(४) शेजारी सात गठ्ठे व दोन सुट्या काड्या मांडून विचारावे, "हे किती? जास्त कोणते?" चूक काय झाली हे मुलाला डोळ्यांनी दिसते, आपल्याला ओरडावे लागत नाही.

(५) दोन-चार दिवसांनी काड्यांऐवजी पाटीवर गठ्ठ्यासाठी उभी रेघ व सुट्यासाठी टिंब काढावे. नंतर तेही सोडून फक्त अंक.

शेवटची पायरी विसरू नये. साधन ही शिडी आहे. माडीवर पोहोचल्यावर शिडी खांद्यावर घेऊन फिरायचे नसते.

हेच गठ्ठे हातच्याच्या वजाबाकीला कामी येतात. ३२ मधून १७ वजा करताना पुष्कळ मुले २५ उत्तर काढतात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन वजा करतात. हा धसमुसळेपणा नव्हे. मुलाने स्वतःपुरता एक नियमच बनवला आहे : मोठ्यातून लहान घालवायचे. तांबड्या शाईची फुली मारून हा नियम मोडत नाही. तीन गठ्ठे व दोन सुट्या काड्या त्याच्या हाती द्याव्यात आणि सतरा काड्या मागाव्यात. सुट्या दोनच आहेत हे पाहून ते क्षणभर थांबते आणि स्वतःच एका गठ्ठ्याचे रबर सोडते. आता दोन गठ्ठे आणि बारा सुट्या झाल्या. बारातून सात दिल्या, पाच उरल्या, दोन गठ्ठ्यांतून एक दिला, एक उरला, उत्तर पंधरा. 'हातचा घेणे' म्हणजे गठ्ठा सोडणे, हे त्या रबराने शिकवले.

येथे शिक्षकाने काय शिकले, तेही पाहावे. काड्या बांधणे कोणालाही येते. चूक पाहून "तू हे कसे केलेस?" असे विचारणे आणि उत्तर ऐकून घेणे, हे मात्र शिकावे लागते. आमच्या मते शिक्षकाचे खरे व्यावसायिक शिक्षण ते हेच.

शिक्षण परिषदेचा एक तास

महिन्यातून एकदा केंद्रात शिक्षण परिषद भरते. दहा-बारा शाळांचे शिक्षक एकत्र येतात. पुष्कळदा वेळ परिपत्रके व माहितीचे तक्ते यांतच जातो. तेथे केवळ एक तास वेगळा काढावा, असे आम्ही सुचवतो. प्रत्येक शिक्षकाने मुलाचे नाव झाकून एका वहीचे पान आणावे. गटाने चार प्रश्नांवर बोलावे : मुलाने काय लिहिले? लिहिताना त्याच्या मनात काय असावे? कोणते साधन द्यावे? पुढील महिन्यात त्याच मुलाची वही काय सांगते? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण तो नसेल तर चर्चा ही चर्चाच राहते.

आम्ही काही शिक्षकांनी सुट्टीच्या दिवशी एकत्र बसून हा प्रयोग केला. आरंभी संकोच होता. आपल्या वर्गातील चूक इतरांपुढे ठेवणे म्हणजे आपली उणीव दाखवणे, असे वाटे. पण पंचवीस वर्षे सेवा झालेल्या एका गुरुजींनी स्वतःच्या वर्गातील पान पुढे केले आणि म्हणाले, "माझ्या वर्गात हे दरवर्षी होते, मी दरवर्षी फुली मारतो." त्यानंतर नव्या शिक्षकांची जीभ मोकळी झाली.

साधने विकतच घ्यावी लागतात असे नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे गावातील व आदिवासी मुलांसाठी काम केले. माँटेसरी पद्धतीची महाग साधने परवडणारी नव्हती, तेव्हा त्यांनी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंपासून साधने केली. चिंचोके, शिंपले, पाने, मातीची भांडी यांतही गणित आणि भाषा आहे. वाचनासाठी गावातील पाट्या, बसचे फलक, लग्नपत्रिका, आणि बालभारतीचे 'किशोर' मासिक आहेच. मोबाईलवरील चित्रफीत उपयोगी असते, पण मुलाच्या हाताला काम देत नाही. ती पाहून झाल्यावर काड्या हाती द्याव्यात.

शिक्षकांची बाजू

केवळ शिक्षकांना दोष देऊन हा लेख संपवणे अन्यायाचे होईल. दोन शिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात. कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. तरी माहिती भरण्यात किती वेळ जातो, हे घरोघरी माहीत आहे. डेडस्टॉकची भीतीही खोटी नाही. परंतु मुलांच्या वापराने झिजलेले वा मोडलेले साहित्य रीतसर निर्लेखित करता येते. मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय ठेवून तशी नोंद करून घ्यावी. मणी हरवला तर तो नोंदवहीतून वजा करता येतो. मुलाचे हुकलेले वर्ष वजा करता येत नाही.

आपण काय करू शकतो?

(१) अभ्यासिकेत एक साहित्यपेटी ठेवावी. वस्तीतील कोणत्याही शिक्षकाला ती आठ दिवसांसाठी न्यावी-आणावी. काही हरवले तर दंड घेऊ नये.

(२) सेवानिवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून एक तास द्यावा. शिकवणी घेण्यासाठी नव्हे, तर नव्या शिक्षकांबरोबर मुलांच्या वह्या पाहण्यासाठी.

(३) डी.एल.एड.च्या विद्यार्थ्यांनी पाठासाठी केलेले साहित्य परीक्षा संपताच अडगळीत न टाकता जवळच्या शाळेला द्यावे आणि ते कसे वापरायचे ते तेथे जाऊन दाखवावे.

(४) पालकांनी शाळेत गेल्यावर "माझा मुलगा कितवा आला?" यापेक्षा "तो कोठे अडतो?" असे विचारावे.

दरवर्षी आपण दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो, तो व्हायलाच हवा. त्याच व्यासपीठावर पुढील वर्षापासून आणखी एक सत्कार व्हावा, अशी आमची विनंती आहे. ज्या शिक्षकाच्या वर्गातील काड्या तुटल्या आहेत, मण्यांची माळ ओघळली आहे, अंककार्डांचे कोपरे मुलांच्या हातांनी मळले आहेत, त्या शिक्षकाला आपण गुलाबाचे फूल द्यावे आणि एक नवी पेटी द्यावी. मात्र ती देताना कुलूप देऊ नये.